पहिल्या हाकेला ओ

इथले अनुभव मी तीन-चार वर्षांपासून वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चहा पिता पिता हसते. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीला मागून कुणी धरतं, आणि खाली पन्नास जण 'नजर उतरवून घ्या' म्हणून सांगतात. मी नांदेडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शिवाय ज्या घरात वाढले तिथे बुद्धवंदना व्हायची, पण अंगारा, उतारा, बाहेरची बाधा असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. माझ्या बाबांना तर त्यांची चीडच होती. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही. कृपा करून खाली लिंबू-मिरची सुचवू नका.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं साखरा. गावापासून पंधरा मिनिटं चालत गेलं की आमचं रान. साडेतीन एकर, त्यातल्या दोन एकरांत हळद. रानाच्या दक्षिण टोकाला आखाडा — कुस्तीचा नव्हे हो! आमच्याकडे शेतातल्या गोठा-कोठ्याच्या जागेला आखाडा म्हणतात. पत्र्याची खोली, बैलांचा गोठा, एक लिंबाचं झाड. उत्तरेला ओढा. ओढ्याच्या अलीकडे गंगाधर काकांचं शेत. काका बाबांच्या शाळेपासूनचे सोबती, बाबांना ते किसनराव म्हणायचे.

गेल्या वर्षी मी या रानात सेन्सर बसवले. माझा अभ्यासाचा विषयच तो. मातीत ओल किती हे मोजणारे सात छोटे डबे, प्रत्येकात बारीकसा रेडिओ, आणि आखाड्याच्या खांबावर एक रिसीव्हर. डबे दर मिनिटाला आपला आकडा पाठवतात, रिसीव्हर तो घेतो आणि इंटरनेटवरून मला नांदेडला दिसतो. यातली गंमत अशी की सिग्नल किती जोरात आला त्यावरून डबा किती लांब आहे याचा अंदाज काढता येतो. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. जोरात आला तर जवळ, क्षीण आला तर लांब. आकडा उणेमध्ये येतो. उणे चाळीस म्हणजे अगदी शेजारी, उणे नव्वद म्हणजे पार ओढ्यापाशी.

पण आकडा आणि अंतर यांची सांगड आधी घालून द्यावी लागते. त्यासाठी मे महिन्यात बाबा आणि मी उघड्या रानात दोन सकाळी घालवल्या. आठवा, जास्तीचा डबा त्यांच्या खिशात. ते दहा पावलं चालायचे, थांबायचे, "हां!" म्हणायचे. मी खांबापाशी लॅपटॉप घेऊन आकडा वाचायची. आणि तो आकडा ते वहीत लिहायला परत यायचे! मी म्हटलं, मीच लिहिते की. तर म्हणाले, "न्हाई, पावलं मी मोजली, मीच लिहिणार."

तिसऱ्या-चौथ्या फेरीला ते मध्येच थांबले.

"सुजा, म्हणजे हा डबा हाकच मारून राहिला की. बारीक आली की लांब, मोठी आली की जवळ."

"बरोबर बाबा. तेच आहे."

"आन् माणूस थकेल असला तर? जवळून बी हाक बारीकच येती. मंग तुझं यंत्र काय करतं?"

मी हसले. सेल कमी झाला की कळतं, असं काहीतरी उत्तर दिलं. प्रश्न किती अचूक होता हे वर्गात दहा वर्षं हाच विषय शिकवणाऱ्या बाईला त्या दिवशी कळलं नाही.

त्यांच्यासाठी म्हणून मी फोनवर मराठीत स्क्रीन करून दिली. मीटर-बिटर काही नाही. आमच्या रानात अंतर हाकेत सांगतात, म्हणून स्क्रीनवरही 'एक हाक', 'दोन हाका', 'तीन हाका' असंच ठेवलं. एक हाक म्हणजे बाबांची साठ-सत्तर पावलं. डबा पंधरा पावलांच्या आत आला तर काय लिहायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तिथं हाक काहून मारायची? लिही — हाक नको, जवळच आहे." तसंच लिहिलं. बाबा आईला ते दाखवायचे आणि खूष व्हायचे.

आठवा डबा मला परत न्यायचा होता, पण त्यांनी तो सोडला नाही. शर्टाच्या खिशात घालून रोज रानात जायचे. "राहू दे. माझी हाक तुझ्यापर्यंत चालू राहील." मी त्या डब्याचं नाव यादीत 'बाबा' असं ठेवलं. कॉलेजात दोन तासांच्या मध्ये फोन उघडायचा, 'बाबा — दोन हाका' असं दिसायचं, की बरं वाटायचं. आणि बघितलं म्हणजे बोललोच, अशी माझी समजूत व्हायला लागली. फोन करणं कमी झालं... हे आता कळतंय.

हाकेवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या भागात जुन्या माणसांचा समज आहे की रानात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेची वाट बघायची. बाहेरचं असलं तर ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तीनदा मारतो तो माणूस. गंगाधर काका हे कटाक्षाने पाळायचे आणि बाबा त्यावरून त्यांची टर उडवायचे. बाबांचा नियम सरळ होता — पहिल्या हाकेला ओ द्यायची. "भूत असलं तर त्याला बी बरं वाटंल, कोणीतरी ओ दिली म्हणून," असं म्हणायचे. लहानपणी मी खेळात रमून दुसऱ्या हाकेला ओ दिली तर ओरडा खायची.

पावसाळा सुरू झाला, हळद वाढली. गणपतीनंतर बाबांचा फोन आला.

"हळद छातीला लागली पोरी. तवा रान उघडं होतं. आता पाल्यातून हाक बराबर जात नसंल. येऊन पुन्हा मोजू. वही काढून ठेवली मी."

ते शंभर टक्के बरोबर होते. ओला पाला सिग्नल खातो, हे मी मुलांना परीक्षेत विचारते. मी म्हटलं, "बाबा, आत्ता प्रॅक्टिकल आहेत. दिवाळीत येते."

"ये. घाई न्हाई."

आणखी दोनदा त्यांनी विचारलं. दोन्ही वेळा मी दिवाळीच सांगितली. पुन्हा मोजणं हे निमित्त होतं, लेकीने यावं हे खरं होतं, एवढंही मला दिसलं नाही.

दिवाळीला अडीच आठवडे होते. सव्वा वाजता आईचा फोन आला. "तुझे बाबा जेवायला आले न्हाईत. फोन वाजतो, उचलत न्हाईत." मी लॅबमध्ये होते. स्क्रीन उघडली. 'बाबा — तीन हाका'. मी आईला सांगितलं, ओढ्याकडे गेलेत, फोन आखाड्यावर राहिला असेल. अर्ध्या तासाने तिचा पुन्हा फोन. आता तिचा आवाज बदलला होता. मी गंगाधर काकांना फोन लावला. ते स्वतःच्या शेतात होते, लगेच आमच्या आखाड्यावर गेले. बाबांचा फोन तिथेच खाटेवर वाजत होता.

"काका, ते तिथे नाहीत. तीन हाका लांब दाखवतंय. ओढ्याच्या पलीकडे बघा."

काका निघाले, आणि थोडं चालून थांबले. फोन चालूच होता.

"सुजा... मला इथूनच आवाज आल्यावानी झाला. हळदीतून."

"कसला आवाज?"

"हाक. पण एकदाच आली."

"परत आली का?"

"न्हाई."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "काका, भास असेल. मशीन सांगतंय ना, तीन हाका. वेळ नका घालवू, पुढे जा." एकच हाक आली होती, म्हणून काकांनीही ओ दिली नाही. ते ओढ्याकडे गेले. मग गावातली आणखी चार माणसं आली, त्यांनाही मी फोनवरून ओढ्याच्या पलीकडे, तिथून वर माळाकडे पाठवलं. स्क्रीन बघत होते, हुकूम सोडत होते.

पावणेतीनला बाबा सापडले. आईला. ती भाकरीचं फडकं तसंच हातात घेऊन आखाड्यावर आली आणि नुसती हाका मारत हळदीत शिरली. आखाड्यापासून बारा पावलांवर, मातीच्या दोन उंच बेडच्या मधल्या सरीत बाबा पालथे पडले होते. डबा खिशात, छातीखाली, चिखलात दाबलेला. अंगाखाली आणि चिखलात दाबल्या गेलेल्या रेडिओचा आवाज कितीसा निघणार? त्यात वरून छातीभर ओला पाला. बारा पावलं माझ्या यंत्राला तीन हाका वाटल्या.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. मी विचारलं, लगेच गेले का? ते आधी टाळत होते. मग म्हणाले, "लगेच नाही. तास-दीड तास तरी..." पुढचं मी ऐकलं नाही.

दहा दिवसांनी मी तो सगळा दिवस लॅपटॉपवर उघडला. बारा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत आकडा स्थिर, एका हाकेच्या आत. बारा एक्केचाळीसला एकदम तीन हाका. एका मिनिटात! बासष्ट वर्षांचा माणूस एका मिनिटात तीन हाका जात नाही. त्या दिवशी आलेख एकदा जरी बघितला असता तरी कळलं असतं की ते चालत गेलेले नाहीत, पडलेत. मी फक्त शेवटचा आकडा बघितला. ही चूक माझ्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला नापास केलं असतं. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती समजते की यंत्र बिघडलं होतं. यंत्र ठणठणीत होतं.

त्या डब्याचा शेवटचा संदेश दोन एक्कावन्नचा. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतो, सेल बदलला की तो एकपासून सुरू होतो. बाबांनी त्याच सकाळी साडेसातनंतर सेल बदलला होता, म्हणून शेवटचा क्रमांक ४३१. त्यांना उचलल्यावर काकांनी डबा खिशातून काढला, चिखलाचं पाणी आत गेलं होतं, तो बंद पडला. मी नांदेडला आणला, सेल काढून फेकला आणि तो डबा जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवला. का ठेवला ते विचारू नका.

आता मूळ गोष्ट.

फेब्रुवारीत हळदीचा पाला कापून झाल्यावर मी सेन्सर काढायला गेले. सकाळी अकराची वेळ, लख्ख ऊन. बाजूच्या रानात हळद शिजत होती, तिचा वास सगळीकडे. मी आणि गंगाधर काका, दोघंच. सात डबे मातीतून काढले, प्रत्येकाचा सेल काढला, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मांडले. मोजले — सात. शेवटी खांबावरचा रिसीव्हर राहिला. तो काढण्याआधी त्याची सेटिंग्ज उतरवून घ्यावीत म्हणून लॅपटॉप जोडला. काका खाटेवर तंबाखू मळत बसले होते.

टिंग.

बाबांच्या डब्याला मी वेगळा आवाज लावला होता. त्यांचा संदेश आला की टिंग. चार महिन्यांत तो ऐकला नव्हता. स्क्रीनवर ओळ होती —

'बाबा — हाक नको, जवळच आहे'.

अंगावर काटा वगैरे आला नाही. मला राग आला. वाटलं, कुठला तरी डबा चालू राहिलाय आणि माझ्याच प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. मी क्रेटपाशी गेले, सातही डबे पालथे करून सेलची जागा बघितली. सगळ्या रिकाम्या.

टिंग.

परत लॅपटॉप. ओळख क्रमांक आठ. आठवा डबा नांदेडला, कुलूपबंद घरात, कपाटात, स्टीलच्या डब्यात. शंभरावर किलोमीटर लांब. आकडा — उणे अडतीस. मी बाबांची वही काढली. रिसीव्हर काढताना लागेल म्हणून सोबत आणली होती. उणे अडतीस फक्त एकाच ओळीत होता, पहिल्याच. ते अजून चालायला निघाले नव्हते तेव्हाचा, माझ्या शेजारी खांबाला टेकून उभे असतानाचा. पुढे त्यांच्या अक्षरात '० पावलं'.

मी वायर काढून पुन्हा लावली. ॲन्टेना हलवून बघितली.

टिंग.

'बाबा — हाक नको, जवळच आहे'.

आणि मग काही नाही. एक मिनिट झालं, दोन झाली, दहा झाली. मी अनुक्रमांक बघितले. ४३२, ४३३, ४३४. जिथे थांबले होते तिथून पुढचे.

काकांना मी काहीच बोलले नव्हते, पण आवाज त्यांनीही ऐकला होता. तोंडातला तंबाखू थुंकून त्यांनी विचारलं, "किसनरावचा वाजला ना?"

"हो."

"किती डाव?"

"तीनदा."

ते उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तीनदा आली. मंग बाहेरचं न्हाई पोरी. माणूसच हाय." मग कापलेल्या हळदीकडे बघत म्हणाले, "तवा एकच आली, म्या ओ दिली न्हाई. दुसरीची वाट पाहत उभा राहिलो. त्याला दुसरी मारायची ताकद नव्हती गं..."

आम्ही दोघं तिथे बराच वेळ रडलो. मला त्यांना सांगायचं होतं की काका, तुम्हाला पुढे मीच पाठवलं. तेवढं मात्र सांगितलं. ते म्हणाले, "म्हाईत हाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी उभी राहून कापलेल्या रानाकडे तोंड करून ओ दिली. "ओ बाबा! ओ!" मोठ्याने, दोनदा. शिजत्या हळदीच्या वाफेपाशी काम करणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. लॅपटॉप गप्पच होता.

संध्याकाळी नांदेडला पोचल्या पोचल्या कपाट उघडलं. स्टीलचा डबा होता तिथेच, झाकण घट्ट. आतल्या यंत्राची सेलची जागा रिकामी, पट्ट्यांना हिरवा गंज चढलेला. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला, नाव न सांगता, सगळी माहिती दिली. त्याने तीन शक्यता सांगितल्या. रिसीव्हरने जुने संदेश साठवले असतील — पण तो साठवतच नाही, आणि हे संदेश जुने नव्हते. दुसऱ्या कुणाचा डबा त्याच क्रमांकाचा असेल — साखऱ्यात? आणि अनुक्रमांकही नेमका तोच? तिसरी, कुणीतरी मुद्दाम केलं असेल, ही त्याने मांडली आणि स्वतःच मागे घेतली. माझ्याकडे चौथी नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी शांतपणे वाचेन.

पण खरं सांगू? स्पष्टीकरणापेक्षा दुसरीच गोष्ट मला जास्त खाते. पहिली टिंग झाली तेव्हा एकच काम करायचं होतं, जे बाबांनी मला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. मी उठले आणि क्रेट तपासायला गेले. ओ दिली ती तिन्ही हाका होऊन, अनुक्रमांक बघून झाल्यावर.

रिसीव्हर मी काढला नाही. तो अजून खांबावर आहे, आई रोज येता-जाता त्याचा हिरवा दिवा बघते. दिवाळीच्या आधी त्यांनी हाक मारली तेव्हा मी शंभर किलोमीटर लांब होते. फेब्रुवारीत ते शून्य पावलांवर होते, आणि मी डबे मोजत बसले.